आमची रोजची भाकर: वाचकांचे प्रश्न, शास्त्रातून उत्तरे

प्रभूच्या नावाने सलाम. घरात मोजके धान्य, हाताला काम नाही आणि देवावर भरवसा ठेवायचा तर नेमके काय करायचे, असे विचारणारी पत्रे बरीच आली. त्यांतले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: नवऱ्याचे कंत्राटी काम सुटले. घरी पाच माणसे. माहेरून आलेले ज्वारीचे पोते मी राखून ठेवले आहे. प्रार्थनासभेत एका बाईंनी सांगितले, "साठवलेल्या मान्न्यात किडे पडले होते. तुमचा विश्वास कमी आहे." पोते ठेवणे पाप आहे का?

ताई, पोते ठेवा. ज्वारी उन्हात कडक वाळवा, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि झाकण घट्ट लावा.

आता त्या किड्यांविषयी. मान्ना म्हणजे इस्राएल लोक रानातून प्रवास करत असताना देवाने त्यांना रोज सकाळी दिलेले अन्न. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १६ वा अध्याय पूर्ण वाचला की गोष्ट वेगळी दिसते. दरडोई एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचे माप, रोज सकाळी गोळा करायचे आणि सकाळपर्यंत काही उरवायचे नाही, अशी आज्ञा होती. उद्या मिळेल की नाही या भीतीने ज्यांनी ती मोडली, त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि घाण सुटली. पण त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दोन ओमर गोळा करून शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवायला सांगितले आणि ते नासले नाही. शिवाय पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी एक ओमर पात्रात जपून ठेवायला लावले. तेव्हा दोष साठवणीचा नव्हता, देवाचा शब्द न मानण्याचा होता. मिसर देशात पुढे दुष्काळ येणार म्हणून योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरून घेतला, तोही देवाने दाखवले म्हणूनच.

आणखी एक गोष्ट सभेत सहसा सांगितली जात नाही. इस्राएल लोकांनी कनान देशाचे पीक खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी मान्ना बंद झाला (यहोशवा ५:१२). तिथून पुढे पेरणी, कापणी आणि खळे आले. पुरवणारा तोच होता, पुरवण्याची रीत बदलली. रानातसुद्धा मान्ना ताटात पडत नव्हता. पहाटे उठून वेचायचा, कारण ऊन चढले की तो वितळायचा. मग जात्यात दळायचा किंवा उखळात कुटायचा, शिजवायचा, त्याच्या पोळ्या करायच्या (गणना ११:८). तुमच्या यजमानांचे सकाळी कामाच्या शोधात निघणे हे त्या वेचण्यासारखेच आहे. त्याला अविश्वास म्हणू नका.

मान्न्यातून घ्यायची ती मापाची शिस्त. पाच माणसे, दोन वेळा, प्रत्येकी दोन भाकरी म्हटल्या तर दिवसाला वीस भाकरी, म्हणजे जवळजवळ दोन किलो पीठ. पन्नास किलोचे पोते असे पंचवीस दिवसांत संपेल. प्राधान्य कुटुंबाचे रेशनकार्ड असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य मिळते. ते जोडीला धरले की पोते चाळीस दिवसांपुढे जाते. कार्डावर पाचही नावे आहेत का, प्रत्येकाचे ई-केवायसी झाले आहे का, हे आधी पाहा. एक नाव गळले की पाच किलो गळतात.

सातव्या दिवशीही काही जण मान्ना शोधायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. ओढगस्तीच्या घरात हे फार घडते. रविवारीसुद्धा पैशांचीच चर्चा होते, नवराबायकोत शब्दाला शब्द लागतो, मुले ऐकत बसतात. शनिवारी संध्याकाळी हिशेब करून वही मिटवा आणि सोमवारपर्यंत उघडू नका. आमच्या मते तुमच्या घराला सध्या याचीच सर्वांत जास्त गरज आहे.

प्रश्न: एक प्रचारक सांगतात, दुष्काळात सारफथच्या विधवेने शेवटचे पीठ आधी एलीया संदेष्ट्याला दिले, तसे हातातले शेवटचे पैसे "बी" म्हणून पेरा, शंभरपट मिळेल. माझ्याकडे मुलाच्या फीचेच पैसे आहेत. द्यावेत का?

देऊ नका. फी भरा.

१ राजे १७ मध्ये एलीया स्वतःच अडचणीत होता. करीथ ओहोळ आटला म्हणून देवाने त्याला सीदोनाकडच्या सारफथला पाठवले. त्याने आधी घोटभर पाणी मागितले, मग भाकरीचा तुकडा. मागताना देवाचे वचनही सांगितले: पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरणार नाही आणि कुपीतले तेल आटणार नाही. त्या बाईला शंभरपट काही मिळाले नाही. मडके ओसंडून वाहिले नाही, फक्त रिते झाले नाही. रोज त्या दिवसापुरते पीठ निघत राहिले. ते तिने खाल्ले, घरच्यांनी खाल्ले आणि मागणाऱ्यानेही त्याच घरात राहून तेच खाल्ले. तुमच्याकडे पैसे मागणारा तुमच्या मडक्यातले खाऊन राहायला तयार आहे का, एवढे बघा.

मंदिराच्या दानपेटीत जवळची दोनच नाणी टाकणाऱ्या विधवेचा, म्हणजे दोन टोल्यांचा, दाखलाही असाच वापरतात. मार्क १२ मध्ये त्याच्या अगदी आधीच्या ओळींत येशूने विधवांची घरे गिळणाऱ्या धर्मशास्त्र्यांना दोष दिला आहे, तोही वाचावा. प्रेषित पौल तर दानाविषयी लिहितो की जवळ असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, नसेल त्या मानाने नाही. इतरांना आराम आणि तुम्हाला ओझे असा हेतू नाही, हेही तो सांगतो (२ करिंथ ८:१२-१५), आणि तिथे दाखला देतो तो मान्न्याच्या मापाचाच. तुम्हाला द्यायची ओढ आहे ती मोलाची आहे. रोज पीठ मळण्याआधी मूठभर बाजूला काढा आणि आठवड्याने ते तुमच्याहून अडलेल्या घरी पोहोचवा.

प्रश्न: खाजगी सावकाराचे २०,००० रुपये घेतले, महिना दहा टक्क्यांनी. प्रार्थना चालू आहे. आणखी काय करू?

२ राजे ४:१-७ मधली विधवा कर्जापायी दोन मुले गमावणार होती. तिने गप्प न बसता अलीशा संदेष्ट्याकडे धाव घेतली. त्याने विचारले, "घरात काय आहे?" मग शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणायला लावली, थोडी नव्हे, पुष्कळ. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. पुढचा क्रमही त्याने सांगितला: तेल विक, आधी कर्ज फेड, उरलेल्यावर जगा.

तुमचे व्याज महिन्याला २,००० होते. वर्षात २४,००० देऊनही मुद्दल तसेच राहते. म्हणून हे फेडायला दुसरे कर्ज काढू नका. सावकाराकडे परवाना आहे का, ते विचारा. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. कोरा धनादेश किंवा सही केलेला कोरा कागद दिला असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा. पाळकांनाही सांगा, एकटे धावपळ करू नका.

प्रश्न: मी विधवा आहे, दोन मुले लहान आहेत. मंडळीची (चर्चची) मदत घ्यायला लाज वाटते. देवावर भरवसा असेल तर माणसांपुढे हात का पसरावा?

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांना रोजची वाटणी होत असे. काहींना ती मिळेना म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी त्यांना अविश्वासू म्हटले नाही, वाटणीसाठी सात जण नेमले (प्रे. कृत्ये ६). पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत उपासमारीतल्या शेकडो मुलींना आसरा दिला. त्या गरजेसाठी प्रार्थना करत, आलेली देणगी स्वीकारत, केडगावला विहिरी खोदून घेत, शेती करवून घेत आणि मुलींना विणकाम, छपाई शिकवत. यातले एक करायचे म्हणून दुसरे सोडायचे, असे त्यांनी मानले नाही.

मदत घ्या. सोबत संजय गांधी निराधार अनुदानासाठी अर्जही करा, दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात होतो. पतीचा मृत्यूदाखला, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुक लागते. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर मिळतो आणि बहुतेक अर्ज तिथेच अडकतात, म्हणून तो आधी काढा. एकट्याने फेऱ्या मारणे जड जात असेल तर मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला सोबत न्या. ती वाटणीइतकीच सेवा आहे.