स्क्रॅप कुठून पडणार, हे मामांना माहीत होतं

ताई, मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं आहे, नुकतीच असिस्टंट मॅनेजर झाले. आमच्याकडे प्रेसवरची डाय, म्हणजे पत्रा कापणारा-वाकवणारा साचा, बदलायला पाऊण तास जातो. वेगवेगळ्या उंचीच्या डायना खालून प्लेटचं पॅकिंग देऊन सगळ्यांची उंची एक केली तर प्रेस दर वेळी नव्याने जुळवावी लागणार नाही आणि हा वेळ निम्मा होईल, असं बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन मी प्लांट हेडसमोर दिलं. प्रॉडक्शन हेडनी एकच प्रश्न विचारला, "खाली प्लेट आली तर स्क्रॅप पडणार कुठून?" स्क्रॅप म्हणजे पत्रा कापल्यावर उरलेले तुकडे. मी गडबडले. "स्टडी करून सांगते सर" म्हणाले आणि विषय तिथंच बारगळला. (नंतर खाली जाऊन डाय बसवणाऱ्या आमच्या सेटर मामांना विचारलं, तर त्यांनी लगेच सांगितलं. मूळ आयडिया तशी त्यांचीच.) माझ्याबरोबरचा एक जण फाडफाड इंग्रजी बोलतो, त्याचं सगळं मंजूर होतं. मी बाई आहे म्हणूनही ऐकत नसतील. मी पब्लिक स्पीकिंगचा कोर्स करू की इंग्रजीचा? लीडरशिप अंगात कशी आणायची?
— एक वाचक

अगं, तुझं मूळ पत्र दोन पानांचं. त्यातलं दीड पान तुझ्या इंग्रजीवर, आवाजावर, घामेजलेल्या हातांवर आणि त्या फाडफाड बोलणाऱ्या सहकाऱ्यावर गेलंय. (इथं छापताना कापलं.) मामांच्या वाट्याला दोन वाक्यं आली, तीही कंसात. मला त्या कंसाबद्दलच बोलायचंय.

"लगेच सांगितलं" म्हणतेस, पण काय सांगितलं ते लिहिलंच नाहीस. मला चैन पडेना. ओळखीत एक जुना डाय सेटर आहे, त्याला फोन लावला. माझा प्रश्न पुरा होण्याआधीच तो म्हणाला, "अख्खी प्लेट कशाला? दोन बाजूंना दोन पट्ट्या द्यायच्या, मधली जागा मोकळी. स्क्रॅप बोल्स्टरच्या, म्हणजे डाय ज्यावर बसते त्या पाटाच्या, भोकातून खाली. फक्त पट्ट्या भोकापासून फार लांब ठेवू नका, नाहीतर डाय मधे दबते." मग म्हणाला, प्लेटच हवी असेल तर तिलाही तसंच भोक पाडायचं. झालं. अर्ध्या मिनिटाचं उत्तर, चक्क मराठीत. हे त्या मीटिंगमध्ये कुणी बोललं असतं तर तुझा विषय पुढं सरकला असता.

बोलणारा माणूस त्या वेळी कुठं होता? खाली, प्रेसपाशी. त्याला वर बोलवावं असं तुला वाटलंच नाही. त्या बावीस स्लाइडमध्ये मामांचं नाव कितव्या स्लाइडवर होतं, हेही तू लिहीत नाहीस, म्हणजे नव्हतंच असं मी धरते. याला आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. राग आला? येऊ दे. तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून तू अडली नाहीस. दुसऱ्याचं डोकं वापरलंस आणि ते डोकं खालीच ठेवून वर गेलीस, म्हणून अडलीस.

बाई म्हणून ऐकत नाहीत, हे शॉप फ्लोअरवर घडतं, मला ठाऊक आहे. पण स्क्रॅपचा प्रश्न कुणालाही विचारला गेला असता, आणि तो रास्त होता. त्या प्रॉडक्शन हेडचा मला जराही राग येत नाही. आणि त्या इंग्रजीवाल्याचं त्याच्यापाशी राहू दे.

डाय चेंजचं प्रेझेंटेशन म्हणजे शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचं नाव एखाद्या स्लाइडवर असणारच. १९६९ साली टोयोटात १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं, ही गोष्ट सगळेच सांगतात. त्याआधीची मला जास्त आवडते. १९५० साल, हिरोशिमा, तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा. शिंगो एका मोठ्या प्रेसपाशी उभं राहून डाय चेंज बघत होते आणि मधेच सेटिंग करणारा कामगारच गायब झाला. का, तर एक बोल्ट सापडेना. तो शोधत भटकला आणि तासाभराने परतला तो दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून. प्रेस तोवर नुसती उभी. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं कोणती आणि आधीच करून ठेवता येतील अशी कोणती, ही वाटणी शिंगोंना तिथं सुचली. तुझ्या स्लाइडमधली सगळी विद्या त्या हरवलेल्या बोल्टापासून सुरू होते. ऑफिसात बसून तो बोल्ट दिसला नसता.

तेव्हा कोर्स राहू दे. सोमवारी फर्स्ट शिफ्ट सुरू होताना मामांकडे जा आणि सांग, "मामा, आयडिया तुमची होती, मी माझी म्हणून मांडली आणि तोंडावर पडले." हे कोपऱ्यात घेऊन सांगायचं नाही, ऑपरेटर आणि हेल्पर ऐकतील असं सांगायचं. ते "जाऊ द्या मॅडम" म्हणतील. तू जाऊ द्यायचं नाही. मग प्लांट हेडकडे एक डाय चेंज बघण्यापुरता वेळ माग. कॉन्फरन्स रूममध्ये नको, प्रेसपाशीच. एका पानाचा कागद कर, त्यावर आधी मामांचं नाव, मग तुझं. एकापाठोपाठ नेहमी लागणाऱ्या दोन डाय निवड, मामांना सेटिंग करू दे आणि तू स्टॉपवॉच धर.

"साहेबांपुढं मला बोलता येत नाही, तुम्हीच बोला" असं मामा म्हणणार, हे आत्ताच लिहून ठेव. तू लगेच हो म्हणशील, कारण मनातून तुला तेच हवं असेल. म्हणू नकोस. त्यांना भाषण करायचं नाहीये, रोजचंच काम करायचंय. हातात पाना असला की ही माणसं बरोबर बोलतात. स्क्रॅपचा प्रश्न पुन्हा आला की तू तोंड मिटून मामांकडे बघायचं, शांतता कितीही लांबली तरी.

तुझ्या वाट्याचं बोलणं वेगळं आहे. किती डायना पट्ट्या लागतील, टूल रूम त्या ग्राइंड करून कधी देईल, खर्च किती आणि महिन्याला किती तास वाचतील, हे मामांना कुणी विचारणार नाही, तुला विचारतील. ते आकडे रविवारपर्यंत पाठ कर.