शटरची आगाऊ रक्कम आणि 31 मे

डिचोलीच्या एका वाचकांनी एप्रिल 2026 मध्ये विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बंगल्याच्या गॅरेजचे गंजलेले शटर बदलून मोटारवर चालणारे नवे बसवण्यासाठी त्यांनी मार्च 2024 मध्ये बेळगावच्या एका फॅब्रिकेटरला 1,60,000 रुपयांच्या कोटेशनवर एक लाख रुपये आगाऊ दिले. पावतीवर ‘काम 31 मे 2024 पर्यंत पूर्ण’ असे हाताने लिहिलेले आहे. शटर आले नाही, व्हॉट्सॲपवर आश्वासने तेवढी येत राहिली. आता दुसऱ्याकडून काम करून घेताना ते एक लाख रुपये खर्चातून वजा धरावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

मुळीच धरू नयेत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करून ही रक्कम मिळाली तरी नव्या फॅब्रिकेटरचे बिल चुकते करण्याच्या वेळेपर्यंत मिळणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. आयोगांच्या तारखा पाहिलेला कोणीही त्या तीन महिन्यांवर घरखर्च आखणार नाही.

आपल्या प्रकरणात सारे काही त्या हाताने लिहिलेल्या ओळीवर अवलंबून आहे. कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, आणि ते कारण 31 मे 2024 उलटताच घडले. नंतरच्या प्रत्येक ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ने मुदत वाढत गेली असा समज आपल्यासारख्या अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही मुदत वाढत नाही. 31 मे 2026 रोजी रविवार आहे, म्हणून शुक्रवार, 29 मेपूर्वीच तक्रार दाखल करा. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो हे खरे, पण दोन वर्षे भिडेखातर गप्प बसलो हे पुरेसे कारण मानले जाईल असे मला वाटत नाही.

आपण डिचोलीत राहता, त्यामुळे फॅब्रिकेटर बेळगावचा असला तरी तक्रार उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पावतीवर छापलेल्या ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ या वाक्याने घाबरू नका. ज्याने स्वतःच काम केले नाही त्याला ते सहसा तारत नाही. मात्र ‘अन्याय्य करार’, म्हणजे ग्राहकावर एकतर्फी जाचक अटी लादणारा करार, हा तक्रारीचा मुख्य मुद्दा करू नका, कारण तो विषय कायद्याने राज्य आयोगाकडे सोपवला आहे. सेवेतील त्रुटी आणि रक्कम परत, एवढेच मागा. गॅरेजमध्ये आपण भाड्याने देण्याच्या गाड्या ठेवत असाल तर काम व्यापारी हेतूने करून घेतले, म्हणून आपण या कायद्याखालील ग्राहक नाही, असा आक्षेप येऊ शकतो, आणि त्याचे उत्तर कागदपत्रे पाहिल्याशिवाय देता येणार नाही. मुदत हुकलीच, तर दिवाणी दाव्याला सामान्यतः तीन वर्षे मिळतात, पण तेथे कोर्ट फी भरावी लागते आणि तारखांचा कंटाळा अधिक.

आता खर्चाकडे वळू. करार कायद्याच्या कलम 73 नुसार, तेच काम दुसऱ्याकडून जास्त दराने करून घ्यावे लागले तर वाजवी फरक भरपाई म्हणून मागता येतो. म्हणून नवे कोटेशन हा आपला पुरावाही ठरतो. ते जुन्याच मापाचे, त्याच जाडीच्या पत्र्याचे आणि तशाच मोटारीचे घ्या. पावसाळ्यात वीज गेल्यावर हाताने उघडण्याची सोय, गंजरोधक लेप किंवा रिमोट हवा असेल तर त्याची किंमत वेगळी लिहून घ्या, कारण ती वाढ जुन्या फॅब्रिकेटरकडून मागता येणार नाही. जुने शटर उतरवण्याची मजुरी आणि जीएसटी कोटेशनमध्ये धरले आहेत का, हेही पाहा. 1,60,000 रुपयांवर 18 टक्के कर म्हणजे आणखी 28,800 रुपये. आणि या वेळी आगाऊ रक्कम थोडी द्या, बाकीची काम होईल तशी, व काम पूर्ण करण्याची तारीख लेखी घ्या.

तक्रार दाखल होईपर्यंत व्हॉट्सॲपचे ते संदेश असलेला मोबाईल बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडायची वेळ आली, तर नुसते स्क्रीनशॉट अपुरे पडू शकतात.