पोटावरची पिशवीही यादीत हवी

अगं,

योजनेत कुठली उपकरणं घ्यायची ते बघणाऱ्या टीममध्ये तुला घेतलंय हे वाचून खूप बरं वाटलं, आणि सर्जिकल वॉर्डात जन्म गेलाय माझा म्हणून एवढं सांगतेच.

तुझ्यापुढे आधी येतील त्या एकदा दिल्या की झालं अशा वस्तू. व्हीलचेअर, कुबड्या, कानाचं मशीन. अपंगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या १९८१ पासूनच्या एडीप योजनेत मुख्यतः हेच. त्या हव्यातच, पण जे दर आठवड्याला लागतं ते यादीतून सुटतं बघ. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन योजनेतून होतं, आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवसही धरतात, पण कोलोस्टॉमी, म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेली वाट, काहींना जन्मभर राहते, मग सोळाव्या दिवशी पिशवी कुठून आणायची गं त्या माणसाने?

एक काका आठवतात. चेकअपला आले तेव्हा पोटाला दुधाची प्लॅस्टिकची पिशवी, वरून धोतराचं फडकं गुंडाळलेलं, आणि स्टोमाभोवतीची, म्हणजे पोटावरच्या त्या भोकाभोवतीची, कातडी भाजल्यासारखी लाल, सोललेली. एसटीत जागा असूनही दाराशी उभे राहून आले होते, वास येईल म्हणून. ऑपरेशन एकदम चांगलं झालेलं त्यांचं, कागदोपत्री केस यशस्वी.

म्हणून किंमत नगावर बघू नकोस, महिन्याचा खर्च काढ, त्यात फ्लँज (कातडीला चिकटणारी चकती, तिच्यावर पिशवी बसते), पिशव्या, पेस्ट सगळं धर. टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त तेच घेतलं आणि ते आपल्या मे महिन्याच्या घामात चिकटलंच नाही तर दिवसाला दोन लागतात, मग स्वस्त कसलं? आणि फ्लँजचं भोक स्टोमाच्या मापाचं कापावं लागतं, मोठं झालं की शौच कातडीवर उतरते, तेव्हा ते कापायला शिकवणारी सिस्टर पण खर्चात धर, नुसती वस्तू देऊन भागत नाही. कानाच्या मशीनचंही तेच, सेल संपले की मशीन कपाटात.

पैसे कमी आहेत, कशाला तरी नाही म्हणावंच लागेल हे मला कळतं. तेव्हा महागड्या मॉडेलच्या जादा फीचर्सना आधी नाही म्हण, रोजच्या वस्तूला नको.

पहिल्या मीटिंगआधी एक सकाळ कुठल्याही स्टोमा क्लिनिकमध्ये जाऊन बस. तिथल्या सिस्टरकडून एक पिशवी माग, थोडं पाणी भरून स्वतःच्या पोटावर लाव, आणि तशीच लोकलने घरी जा. रात्री मला फोन कर.

तुझी,
सिस्टर