अभयारण्याशेजारच्या गावांना संवर्धनात कसं सामील करून घ्यावं?

आधी लोकांच्या जमिनीचा प्रश्न सोडवा, जनजागृती नंतर. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, पण हद्दीतल्या काजूबागांच्या हक्कांचा घोळ अजून मिटलेला नाही. ज्याला आपली बाग उद्या राहील का याचीच धास्ती, तो वाघाची काळजी कशी घेणार? जानेवारी 2020 मध्ये याच अभयारण्यातल्या गोळावली गावात चार वाघ विषबाधेने मेले. त्याआधी तिथे वाघाने गुरं मारली होती. तो प्रकार आठवला की आजही जीव कळवळतो. म्हणून माझ्या मते पहिलं काम एकच: वाघाने गुरं मारली की पंचनामा लगेच आणि भरपाईचे पैसे वेळेत. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ग्रामसभेत बसून तपासा आणि लवकर निकाली काढा.

राखण करणं आमच्या लोकांना नवीन नाही हो! देवराईत शिरताना माझी आजी पायातल्या वहाणा बाहेर काढायची आणि येताना वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. हे कुठल्या खात्याने शिकवलं नव्हतं.

किनाऱ्यावर मोरजी, आगोंद, गालजीबागला बघा. कासवांच्या घरट्यांवर गावातलीच माणसं पहारा देतात; मादी रात्री वर आली की अंडी घालून परत जाईपर्यंत थांबतात, मग घरट्याभोवती कुंपण घालतात. या कामाचा मोबदला मात्र नियमित मिळायला हवा. जंगलातही वाटाडे, पहारेकरी त्याच गावातले घ्या, बाहेरून आणू नका.