वाचकांचे प्रश्न : नावं ठेवणारी माणसं आणि चित्रपुस्तक

प्रश्न : सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहिलं आहे. एका मुलीच्या चित्राला वर्गात नावं ठेवली जातात, ती रडते, आजी तिला समजावते, मग ती खूप सराव करते आणि स्पर्धेत पहिली येते. 1400 शब्द झाले आहेत. दोन प्रकाशकांनी ‘उपदेशपर’ म्हणून परत केलं. काय बदलू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आजी आणि बक्षीस, दोन्ही काढा. आजीनं समजूत घातली की अडचण मुलीच्या हातून निसटते. पहिला नंबर आला की नावं ठेवणारे आपोआप खोटे पडतात. मग त्यांच्या बोलण्याचं करायचं काय, हा प्रश्नच उरत नाही.

त्याहून मोठी गोची ‘चित्र चांगलं नाही’ या वाक्यात आहे. वाचणाऱ्या मुलाला ते पडताळून पाहता येत नाही. दोष असा हवा की पानावर बोट ठेवून दाखवता येईल. समजा, मुलीनं आकाशकंदील केलाय. दोरा मध्यावर न येता एका कडेला बांधला गेलाय, म्हणून टांगल्यावर तो कलतो. हा कल कुणी काही बोलण्याआधीच्याच चित्रात दिसू द्या. बारीक नजरेच्या मुलांना तो तिथेच सापडेल. पुढे कुणी ‘हा वाकडा लटकतोय’ म्हणालं की बोलणं खरं आहे हे त्यांना कळतं आणि मुलीला ते लागलं आहे हेही दिसतं. गोष्ट इथे आहे.

शेरे मात्र एकाच जातीचे नकोत. ‘वाकडा लटकतोय’ ही कामाची सूचना. ‘मला निळा आवडत नाही’ ही बोलणाऱ्याची आवड. ‘शी, कचरा!’ हे हिणवणं. पहिल्यावर मुलगी काम करते, दुसरं ऐकून सोडून देते, कंदील निळाच राहतो. तिसऱ्याला उत्तरही देत नाही. टीका नेहमी गोड मानून घ्यावी असं सांगणारी पुस्तकं मुलांना चुकीचं शिकवतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता मांडणी. 32 पानांच्या चित्रपुस्तकात शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा जाता गोष्टीला साधारण 12 जोडपानं (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं) मिळतात. तीन जोडपानं कंदील करण्यात आणि मिरवण्यात जाऊ द्या. चौथ्याच्या उजव्या पानावर तळाशी शेरा. त्यावरची मुलीची प्रतिक्रिया पान उलटल्यावरच दिसावी. ते पाचवं जोडपान बिनशब्दांचं ठेवा. रागावून लगेच दुरुस्तीला लागणारी मुलगी खोटी वाटते. तिला एक-दोन जोडपानं कंदील पलंगाखाली ढकलू द्या. पहिली दुरुस्ती फसू द्या : कल घालवायला ती दुसऱ्या बाजूला झिरमिळ्या चिकटवते, कंदील जड होतो, कागद फाटतो. नंतर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना सारख्या लांबीचे दोरे बांधून वर मध्यावर गाठ मारते, तेव्हा जमतं.

शब्द 400च्या आत आणा. ‘ती खूप दुःखी झाली’ यासारखी वाक्यं आधी उडवा, ते काम चित्राचं. मग ए-फोरचे 8 कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, 32 पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, तयार होतो. त्यात मजकूर पेन्सिलीनं लिहून मोठ्यानं वाचा. कुठे पान उलटावंसं वाटत नाही ते लगेच समजतं. चेहरा किंवा कंदिलाची गाठ दुमडीवर येऊ देऊ नका, शिवणीत गडप होते. देवनागरीत वरची वेलांटी आणि आधीच्या ओळीचा उकार एकमेकांत अडकतात, म्हणून 20 पॉइंटच्या अक्षराला ओळींमध्ये किमान 30 पॉइंटचं अंतर द्या.

प्रश्न : असं पुस्तक दुसरीच्या वर्गात वाचलं. ‘काय शिकलात?’ विचारल्यावर मुलांनी शहाणी उत्तरं दिली, पण तासाभरात एकमेकांच्या वहीला ‘घाणेरडी’ म्हणू लागली. (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : तो प्रश्न विचारूच नका. शेऱ्याच्या पानावर थांबून ‘हे खरं आहे का? कशावरून?’ एवढंच विचारा आणि मुलांना चित्रात पुरावा शोधू द्या.

नंतर सराव, पण मुलांच्या कामावर नव्हे. तुम्ही केलेली एखादी कागदी पिशवी ठेवा, जिचा एक बंद लांब आणि दुसरा आखूड आहे. अमेरिकी शिक्षक रॉन बर्जर यांची कसोटी इथे उपयोगी पडते : बोलणं मायेचं, नेमकं आणि उपयोगी असावं. ‘छान आहे’ यात माया आहे, पण नेमकेपणा नाही, म्हणून तेही चालत नाही. अमेरिकेतल्या बॉइसी शहरातल्या पहिलीच्या एका मुलानं फुलपाखराचं चित्र याच पद्धतीनं सहा खर्ड्यांत काढलं. वर्गमित्रांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सांगितलं, नक्षीबद्दल नंतर. एका वेळी एकच गोष्ट, हे त्यातलं घेण्यासारखं.

मुलांच्या कामाकडे वळाल तेव्हा चौघा-पाचांचे गट करा, आणि कोणती सूचना घ्यायची हे ज्याचं काम त्यानंच ठरवावं. त्याच आठवड्यात ते काम पुन्हा करायला वेळ द्या. तो मिळणार नसेल तर सूचना मागवूच नका. सुधारायची संधी नसली की सूचनेचा नुसता शेरा होतो.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. जरा काही म्हटलं की चित्र फाडते. त्याच वेळी हे पुस्तक वाचून दाखवावं का? (एक पालक, डोंबिवली)

उत्तर : नको. त्या क्षणी काढलेलं पुस्तक औषधासारखं वाटतं. भांडण नसलेल्या दिवशी, इतर दोन-तीन पुस्तकांत मिसळून वाचा आणि तिच्या चित्रांचा विषय काढू नका.

घरातलं कौतुकही तपासा. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998च्या अभ्यासात, ‘हुशार आहेस’ असं कौतुक झालेली पाचवीची मुलं अपयशानंतर लवकर माघार घेत होती. मेहनतीचं कौतुक झालेली अधिक टिकून राहिली. ‘किती सुंदर!’ऐवजी ‘झाडाच्या मुळांना तू दोन रंग वापरलेस’ असं दिसलेलं सांगा. फाडलेलं चित्र लगेच चिकटवून देऊ नका. तुकडे पाकिटात ठेवा, तिनं मागितले तर द्या.