लेकीच्या आईसाठी, पहिल्या तीन महिन्यांपुरतं

अगं, "दूध पुरत नाही वाटतं" हे आधी मनातून काढ. बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं, रात्रीही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असतील, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. सगळी पेठ सांगायला आली तरी 6 महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नको.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- मध, गुटी चाटवणं. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.
- डोळ्यांत काजळ, नाका-कानात तेल, बेंबीवर हळद.
- बंद खोलीत धुरी. कोल्हापूरच्या पावसात लंगोट दमटच राहतात, म्हणून धुरीवर धरतात. त्यापेक्षा जास्तीचे शिवून ठेव आणि इस्त्री फिरव.

न्हाऊ घालणाऱ्या मावशी आल्या की तू शेजारी बस. पाणी स्वतःच्या कोपरानं बघ. पायावर घेऊन हलक्या हातानं चोळलेलं लेकीला आवडतंच, पण नाक ओढणं, टाळू दाबणं, छाती पिळणं नको, हे मावशींना गोडीत पण स्पष्ट सांग.

झोपवताना नेहमी पाठीवर. अंग 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त तापलं तर घरचा उपाय न करता लगेच डॉक्टर. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी चुकवू नकोस.

आणि तुझं? डिंकाचे लाडू खा, पण डाळ-भात-भाजी पोटभर हवीच. दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत असेल तर डॉक्टरांना सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लेकीच्या नाचणीच्या पेजेचं सहा महिने पूर्ण झाले की बोलू.