पावसाळी वेल सुकायला लागलेत. गच्चीवरची बाग आता आवरायची की थंडीत काही लावता येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गच्चीवर वीस-पंचवीस कुंड्या आणि पिशव्या आहेत. जूनमध्ये लावलेली काकडी, दोडका, भेंडी आता रडायला लागलीय. वालाचा वेल नुसताच माजलाय, शेंगेचा पत्ता नाही. वांगी-मिरची जेमतेम तग धरून आहेत. आणि यूट्यूबवरची मंडळी सांगतायत की हंगाम संपला, सगळं उपटा, माती झाकून ठेवा. त्यात दिवाळीत तुम्ही आठवडाभर गावाला जाणार.

ते व्हिडिओ आधी बंद करा. ती माणसं राहतात तिथे नोव्हेंबरात पानातलं पाणी गोठतं, एका रात्रीत टोमॅटोचं झाड काळं पडतं, म्हणून ती बाग आवरतात. आपल्याकडे निफाडला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दव गोठलं तर पेपरात फोटो येतो. पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश, तोही १९३५ सालच्या जानेवारीतला. घरच्या भाजीचा चांगला हंगाम आपल्याकडे खरं तर आत्ता, ऑक्टोबरात, सुरू होतोय. झड नाही, गोगलगायी नाहीत, तण कमी. त्यामुळे बाग बंद करायचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की कुठली कुंडी लगेच मोकळी करायची आणि कुठलीला हात लावायचा नाही. बहुतेकांचं इथेच उलटं होतं. मरायला टेकलेल्या काकडीला डिसेंबरपर्यंत औषधपाणी करत बसतात आणि शेंगेवर यायच्या बेतात असलेला वाल उपटून टाकतात.

काकडी आजच काढा. पानांवर पिठासारखं जे पांढरं दिसतंय ती भुरी. दिवसा ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला की काकडीवर्गीय वेलांवर ती हमखास येते. जुन्या, थकलेल्या वेलावर फवारणी करून हाती काही लागत नाही. ती पानं कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, घरच्या डब्यात रोग मरण्याइतकी उष्णता तयार होत नाही. वेलावर शेवटच्या दोन-चार काकड्या असतील तर चिरल्यावर आधी एक फोड चाखून बघा. दुधी, दोडका यांचंही तेच. ताण पडलेल्या वेलाची फळं कडू निघतात, आणि कडू दुधी मीठ लावून, पिळून, शिजवून खायची वस्तू नाही. त्यानं माणसं दवाखान्यात भरती झालेली आहेत. सरळ फेकायचा.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसत असेल तर तो हळद्या. तो विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही. निरोगी झाड असलं तरी थंडीत भेंडी रेंगाळते, चार दिवसांनी एक बोंड मिळतं. जागा अडवून ठेवण्याइतकी तिची लायकी नाही, काढा.

पण उपटल्यावर मुळं धुऊन नीट बघा, हे फार कमी लोक करतात. मूळ सरळ, पांढरट असेल तर माती चांगली. मुळावर जागोजाग फुगीर गाठी असतील, जणू मूळच आतून सुजलंय, तर मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे सूक्ष्म किडे, आहेत. इथे एक घोळ होतो. गवार, चवळी, वाल यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या बाहेरून चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. त्या नत्र (नायट्रोजन) धरून ठेवणाऱ्या जिवाणूंच्या, त्यांना घाबरू नका. गवार-चवळी काढताना तर उपटूच नका, मातीलगत कापा आणि मुळं आतच कुजू द्या. सूत्रकृमीची गाठ मात्र सुटत नाही, ती मुळाचाच भाग असते. अशा कुंडीत टोमॅटो, वांगी, गाजर लावू नका. त्या मातीत झेंडू लावा, या किड्याला तो मानवत नाही. बी विकत आणायची गरज नाही. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं चुरगाळली की काळ्या काडीसारखं, एका टोकाला फिकट शेपटी असलेलं बी मिळतं. बाजारातला झेंडू संकरित असतो, त्यामुळे फुलं लहानमोठी येतील, पण इथे फुलांशी कर्तव्य नाही. मग एप्रिल-मेच्या उन्हात तीच माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवा.

आता वाल. त्याला कृपा करून काही करू नका. आपले पारंपरिक वाल, पावटा, तूर ही सगळी दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. अख्खा पावसाळा त्यांचा पानं वाढवण्यात जातो आणि लोक वैतागतात. सुधारित बुटक्या जातींचं वेगळं, तुमचा तर मांडवभर पसरलेला वेल आहे. अतिउत्साहात नत्राचं खत घातलं असेल तर ते थांबवा, राख असेल तर मूठभर घाला, आणि वाट बघा. नोव्हेंबरात तुरे दिसतील. तेव्हा कोवळ्या तुऱ्यांवर मावा ही बारीक कीड येते, काळी, दाटीवाटीनं बसलेली. मुंग्यांची ये-जा वाढली की समजायचं. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढलात तर पुढे बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. फारच झाला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून साबणाचे दोन-चार थेंब, आणि फवारणी संध्याकाळी.

वांगी आणि मिरचीही ठेवा. छाटणी करा, साधारण तिसरा हिस्सा वरून उडवा, आतल्या रोगट काटक्या काढा. वांग्याचे शेंडे माना टाकत असतील तर आत अळी आहे, तो शेंडा दोन बोटं खालून खुडून चुरडून टाका. मग बुडाशी माती उकरून ओंजळभर गांडूळखत. महिना-दीड महिन्यात नवी फूट फळाला येते. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरात चंपाषष्ठीच्या भरताला ही वांगी बरोबर गाठतात.

दोडक्याचं बी धरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गावरान बी असेल तर एक वेल लगेच काढू नका. त्यावरचा एखादा सुबक दोडका तसाच लटकत ठेवा. हिरवा, मग पिवळा, मग खाकी होतो आणि एक दिवस हातात घेतला तर वजनच लागत नाही, हलवला की खुळखुळतो. त्याच्या खालच्या टोकाला एक टोपणासारखा भाग असतो, तो बोटानं उचकटला की निघून येतो आणि दोडका उलटा धरून आपटला की काळं बी भराभर बाहेर पडतं. चिरायची गरज नाही. बी राखेत घोळवून कोरड्या बाटलीत ठेवा. जूनमध्ये संकरित बियांचं पाकीट आणलं असेल तर ही मेहनत करू नका, पुढच्या पिढीत काय निघेल याचा नेम नसतो. घोसाळ्याचं बीही असंच निघतं, वर अंग घासायला जाळी मिळते.

कुंड्या मोकळ्या झाल्या की भरायच्या आधी जागा बघा. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाच असतो, म्हणून गच्चीवर कुठेही कुंडी ठेवली तरी चालून गेलं. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. तुमचा दक्षिणेकडचा कठडा तीन फुटी असेल तर ऐन बारा-साडेबाराला त्याची सावली पावणेतीन फूट पडते, सकाळ-संध्याकाळचं तर विचारू नका. त्या कठड्याला लागून ठेवलेली मेथी उंच, पोपटी आणि लेचीपेची होते आणि लोक बियाण्याला नावं ठेवतात. कुंड्या उत्तरेकडच्या कठड्याशी हलवा. कमी उजेडाच्या जागी ठेवायच्याच असतील तर पुदिना आणि अळू ठेवा.

पावसात बसलेली माती तशीच वापरू नका. ताडपत्रीवर ओता, जाड मुळं वेचा, दोन-तीन दिवस उन्हात पसरून ठेवा, मग तीन भाग मातीला एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. झालं.

काय लावायचं ते मी भोगीपासून मागे मोजत ठरवते. १३ जानेवारीच्या आसपास भोगी. त्या दिवशीच्या भाजीत गाजर, पावटा, ओला हरभरा, वांगी, वाटाणा हे लागतं. पावटा-वांगी तुमच्याकडे आहेतच. गाजराला ऐंशी-नव्वद दिवस लागतात, म्हणजे आज पेरलं तर भोगीला बोटाएवढी तरी निघतील. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावायचं नसतं, बी जागेवरच टाकायचं. फूटभर खोल पिशवी घ्या आणि माती चाळून घ्या, कारण खडा आडवा आला की गाजराला दोन पाय फुटतात. उगवायला दहा-पंधरा दिवस घेतं, त्याआधी माती उकरून बघू नका.

हरभरा तर स्वयंपाकघरातल्या डब्यातलाच पेरा. तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडा, त्याची पातळभाजी होते आणि झाड फुटून डेरेदार होतं. पहाटे त्या पानांवरून हात फिरवून बोट चाटून बघा, आंबट लागेल. ती आंब. शेतात रात्री पिकावर फडकं टाकून पहाटे पिळून ती गोळा करायची पद्धत होती. खुडणी मात्र फुलं दिसायच्या आत थांबवा, नाहीतर घाटे मिळणार नाहीत.

पालेभाज्या हा गच्चीवरचा खरा फायद्याचा सौदा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत कापायला होते. दर दहा दिवसांनी एकेक कुंडी पेरली की फेब्रुवारीपर्यंत तुटवडा पडत नाही. पालक एकदा लावून तीन-चारदा कापा, बुडाशी दोन बोटं ठेवून. धणे पेरण्याआधी लाटण्यानं हलके रगडून दोन फोडी करा, प्रत्येक फोडीत एक बी असतं. कोथिंबिरीला उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पावसाळ्यात ती सडते आणि उन्हाळ्यात लगेच फुलावर येते, म्हणून हेच तीन महिने तिचे. चाकवत आणि आंबट चुका जरूर लावा, सगळ्याच मंडईत ते रोज मिळत नाहीत. मुळ्याचं पाकीट घेताना जात वाचा. पुसा चेतकी उष्णता सोसणारी आहे, ती आत्ताच्या ऑक्टोबर हीटमध्येही चालते.

कोबी-फ्लॉवरच्या मी विरोधात आहे. एक झाड अख्खी पिशवी दोन-अडीच महिने अडवतं आणि देतं एक गड्डा, तोही जानेवारीत, जेव्हा मंडईत कोबी मातीमोल असतो. वर हिरव्या अळ्या वेचत बसा. त्याऐवजी नवलकोल लावा, लवकर येतो आणि त्याच्या पाल्याचीही भाजी होते. वाटाण्याचं गणितही आतबट्ट्याचंच, पंधरा वेलांतून घरातल्या चौघांना एकदा पुरेल इतका मटार निघतो, पण घरात लहान मूल असेल तर लावा. वेलावरून शेंग तोडून खाण्यातली मजा मंडईत मिळत नाही.

पाण्याचं एक. ऑक्टोबर हीट असेतो बारक्या कुंड्यांना दोन वेळा लागतं, डिसेंबरात एकाआड एक दिवस पुरतं. सवयीनं रोज ओतत राहिलात तर मुळं कुजतील. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा आणि मगच घाला, शक्यतो सकाळी.

राहिलं तुमचं गावाला जाणं. मेथी, कोथिंबीर, गाजर यांचं बी कोंब फुटताना एक दिवस जरी कोरडं पडलं तरी गेलं, त्यामुळे शेजारी कुणी पाणी घालणार नसेल तर ही पेरणी परतल्यावरच करा. गाजरं मग भोगीऐवजी जानेवारीअखेरीस निघतील. लसूण मात्र जायच्या आदल्या दिवशी लावून टाका. पाकळ्या मोठ्या निवडा, साल काढू नका, टोक वर ठेवून बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोचा, भरपूर पाणी द्या आणि वर वाळक्या पाल्याचा थर पसरा. आठवडाभर त्याला कुणाची गरज नाही. महिनाभरात चटणीपुरती पात कापता येईल. गड्डा हवा असेल त्या पिशवीतली पात कापू नका, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पात पिवळी पडून आडवी झाली की काढायचा.